‘भारत एक खोज’ बघताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी ‘भारत एक खोज’चा एक भाग दाखवतो आणि नंतर तासभर बोलत बसतो. शाळेतली मुलं येतात, निवृत्त मास्तर येतात, शेतावरून थेट आलेली माणसंही असतात. संपूर्ण मालिका दोनदा झाली. पुन्हापुन्हा निघालेले प्रश्न आणि मला सुचलेली, वेळोवेळी सुधारलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. घरी बघणाऱ्यांनाही उपयोगी पडतील.

ही नेमकी कोणती मालिका?

दूरदर्शनवर १९८८-८९ मध्ये दाखवलेली, श्याम बेनेगल यांनी दिग्दर्शित केलेली ५३ भागांची हिंदी मालिका. पंडित नेहरूंची जन्मशताब्दी जवळ आली होती आणि त्यांच्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ या १९४६ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथावरून ती बेतली होती. सिंधू संस्कृतीपासून १९४७ पर्यंतचा पल्ला. रोशन सेठ यांनी नेहरू केले, ओम पुरींचा आवाज निवेदकाचा, पटकथा शमा झैदी आणि अतुल तिवारी यांची, छायाचित्रण व्ही. के. मूर्ती यांचं, संगीत वनराज भाटियांचं.

त्या काळात ‘रामायण’ नुकतंच संपलं होतं आणि ‘महाभारत’ सुरू झालं होतं. रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे ते त्या दोन मालिकांमुळे. ‘भारत एक खोज’ला तशी गर्दी नव्हती. पण ज्यांनी ती पाहिली त्यांच्या मनातून ती गेली नाही, एवढं मी पंचवीस-तीस जणांच्या तोंडून ऐकलं आहे.

दुसरा सीझन आला का?

नाही. तेव्हा सीझन ही कल्पनाच आपल्याकडे नव्हती. ५३ भाग सलग झाले आणि मालिका संपली. बेनेगलांनी पुढे २०१४ मध्ये राज्यसभा टीव्हीसाठी ‘संविधान’ ही दहा भागांची मालिका केली. संविधान सभेतल्या वादविवादांवरची. तिला कोणी दुसरा सीझन म्हटलं तर मी वाद घालणार नाही, कारण ‘भारत एक खोज’ जिथे थांबते तिथूनच ती पुढे जाते.

हा माहितीपट आहे की नाटक?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो नीट सोडवून घेतला नाही तर पुढचं सगळं चुकीचं वाचलं जातं.

मालिका एकाच वेळी तीन गोष्टी करते. निवेदक माहिती सांगतो, तो माहितीपटाचा भाग. नेहरू तुरुंगातून, पुस्तकाच्या ओघात आपल्याशी बोलतात. ते एका माणसाचं चिंतन. आणि प्रसंग नट करून दाखवतात, ते नाटक. या तिन्हींमधला सांधा मालिका लपवत नाही. महाभारताच्या भागांत लोकगायिका तीजनबाई हातात तंबोरा घेऊन पंडवानी, म्हणजे पांडवांची कथा, गातात. त्या बघितल्यावर ‘हस्तिनापुरात अस्संच घडलं’ असा भ्रम कुणाला होणार नाही. ही कथा गावोगावी गाऊन, सांगून आपल्यापर्यंत आली आहे, हे त्या एका दृश्यातून कळतं.

म्हणून आमच्याकडे एकच नियम आहे: प्रसंग संपला की विचारायचं, ‘हे कशावरून?’ शिलालेखावरून? बखरीवरून? शेकडो वर्षांनी लिहिलेल्या काव्यावरून? परक्या प्रवाशाच्या टिपणावरून? की पटकथाकारांनी रचलेलं? मालिका प्रत्येक वेळी उत्तर हातात देत नाही, पण विचारायला जागा ठेवते. आजच्या चकचकीत ऐतिहासिक मालिकांमध्ये ती जागा शोधूनही सापडत नाही. मला ही मालिका मोलाची वाटते ती यासाठी.

पुस्तकाचा आणि अहमदनगरच्या किल्ल्याचा काय संबंध?

पुस्तक तिथेच लिहिलं गेलं. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे, गवालिया टँकवरच्या ‘चले जाव’ ठरावानंतर, काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना मुंबईत अटक झाली. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेलं आणि बाकीच्यांना अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात. नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, असफ अली, आपले शंकरराव देव आणि आणखी काही जण. नेहरू तिथे मार्च १९४५ पर्यंत होते. ग्रंथ त्यांनी एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत लिहिला आणि याच सोबत्यांना अर्पण केला. त्याच आवारात आझाद उर्दूत पत्रं लिहीत होते, जी पुढे ‘गुबार-ए-खातिर’ म्हणून प्रसिद्ध झाली. एप्रिल १९४३ मध्ये आझादांच्या पत्नी कलकत्त्यात वारल्या. ते या भिंतींच्या आतच होते.

नेहरूंनी सुरुवातीच्या पानांत एक आठवण लिहिली आहे, ती मला फार आवडते. किल्ल्यातल्या ओसाड अंगणात ते फुलांसाठी वाफे खणत होते. खणता खणता जमिनीखालून जुन्या भिंती आणि इमारतींचे घुमट वर यायला लागले. फार खोल खणायला परवानगी नव्हती. मग त्यांनी कुदळ ठेवली आणि लेखणी घेतली.

आता हाच किल्ला डोळ्यांसमोर ठेवून मालिका बघा. गोल आकार, भोवती खंदक, दगडी तटबंदी. ही तटबंदी हुसेन निजामशाहने बांधून घेतली, सोळाव्या शतकाच्या मध्याला. तोच हुसेन निजामशाह १५६५ च्या जानेवारीत तालिकोटच्या लढाईत विजयनगरविरुद्ध लढला आणि रामरायाचा शेवट त्याच्याच हातून झाला. मालिकेत विजयनगरच्या पाडावाची कहाणी येते तेव्हा लक्षात घ्या की नेहरू ती ज्या भिंतींच्या आत बसून लिहीत होते, त्या भिंती जिंकणाऱ्यांपैकी एकाने उभारलेल्या होत्या.

पुढे अकबराचे भाग येतात. कुलभूषण खरबंदांचा अकबर आग्र्यात, फतेहपूर सिक्रीत दिसतो. त्याच अकबराच्या फौजेने १५९५-९६ मध्ये या किल्ल्याला वेढा घातला होता आणि हुसेनची मुलगी चांदबिबी तटावर उभी राहून लढली होती. १६०० मध्ये किल्ला पडला, त्याआधी तिच्याच माणसांनी तिला मारलं. नेहरूंनी चांदबिबीची आठवण पुस्तकाच्या सुरुवातीलाच काढली आहे. मग औरंगजेब. तो दख्खनेत सव्वीस वर्षं लढून शेवटी १७०७ मध्ये इथेच, भिंगारजवळ, वारला आणि खुलताबादला त्याला पुरलं. मग कंपनी सरकार. ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने शिंद्यांकडून हाच किल्ला घेतला.

विजयनगर, अकबर, औरंगजेब, कंपनी, ‘चले जाव’. मालिकेतल्या कितीतरी कड्या एकाच खंदकाच्या आत अडकलेल्या आहेत. आमच्याकडे नगर जिल्ह्यातली मुलं आहेत. त्यांना हे सांगितल्यावर ती पडद्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागली. तोवर इतिहास त्यांच्या लेखी दिल्लीत घडत होता.

किल्ला बघता येतो का?

किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. नेत्यांच्या खोल्या स्मारक म्हणून जपल्या आहेत. जाण्याआधी प्रवेशाची वेळ आणि परवानगी यांची चौकशी करा, ओळखपत्र जवळ ठेवा. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, नकाशात शोधताना ते लक्षात असू द्या.

पहिल्या भागापासून क्रमानेच बघायला हवी का?

गरज नाही. पहिला भाग जरूर बघा, कारण नेहरू कोण, ते कुठून बोलताहेत आणि ‘भारतमाता’ म्हणजे नेमकं कोण हा प्रश्न त्यात येतो. नंतर हवं तिथे उडी मारा. बरेच विषय दोन-दोन भागांचे आहेत: महाभारत, रामायण, चंद्रगुप्त आणि चाणक्य, अशोक, शाकुंतल, शिवाजी महाराज, १८५७. अशा जोड्या मात्र तोडू नका.

सुरुवातीचे काही भाग संथ वाटतात, हे खरं. मोहेंजोदडोच्या भागाला आमचा अर्धा वर्ग पेंगतो. पण तेव्हाच्या दूरदर्शनची चाल तशीच होती. दोन-तीन शनिवारांनी तिची सवय होते.

ते सुरुवातीचं गाणं काय आहे?

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त, १२९ वं. सृष्टीच्या आधी काय होतं, हे कुणाला ठाऊक आहे, असं विचारणारं. आधी संस्कृत, मग हिंदी. शेवटी वाजतं ते त्याच मंडलातलं हिरण्यगर्भ सूक्त. हिंदी रूपांतर वसंत देवांचं. मुंबईत राहून विजय तेंडुलकरांची नाटकं हिंदीत नेणारे ते हेच. वनराज भाटियांनी त्याला जी चाल दिली, ती ऐकून आमच्या एका आजींनी डोळे मिटून घेतले होते.

आणि एक सांगायला हवं. पाच हजार वर्षांचा इतिहास सांगणारी मालिका दर आठवड्याला ‘कोण जाणतो?’ या प्रश्नाने सुरू करायची, ही निवड साधी नाही. या सूक्ताच्या शेवटी तर शंका अशी की, जो सगळं वरून पाहतो त्याला तरी ठाऊक आहे का, की त्यालाही नाही? वर ‘हे कशावरून?’ म्हणालो, ते मी याच गाण्यातून उचललं.

एकच नट इतक्या भूमिकांत का? गोंधळ होतो.

ओम पुरी दुर्योधन होतात, अशोक होतात, अल्लाउद्दीन खिलजी होतात, औरंगजेबही होतात. सलीम घौस राम, कृष्ण आणि टिपू सुलतान. मुलं विचारतात, ‘सर, हा परत आला?’ हो, परत आला.

नाटक मंडळीची ही जुनी रीत आहे. दशावतारात, तमाशात आपण ती कायम बघतो. एकच माणूस आधी राजा, मग शिपाई. तोंडवळा तोच राहिल्यामुळे बघणाऱ्याच्या ध्यानात राहतं की समोर औरंगजेब नाही, औरंगजेब करून दाखवणारा नट आहे. ओम पुरींच्या अशोकाचा पश्चात्ताप आणि त्यांच्याच औरंगजेबाचं म्हातारपण एकामागोमाग बघा, दोन्ही सम्राटांबद्दल काहीतरी नवीन सुचेल.

शिवाजी महाराजांचे भाग कोणते, आणि ते कसे आहेत?

३७ आणि ३८. महाराज नसीरुद्दीन शाह यांनी केले आहेत. आपल्या मनात भालजी पेंढारकरांच्या चित्रपटातले चंद्रकांत मांढरे असतात, त्यामुळे पहिली दहा मिनिटं नसीरुद्दीन परके वाटतात. आमच्याकडे दर वेळी कुणीतरी नाराज होतंच. पण नजर बसली की एक हिशेबी, कमी बोलणारा, समोरच्याला जोखणारा राजकारणी दिसायला लागतो. मला तो पटला.

हे भाग बघण्याआधी काही तारखा फळ्यावर लिहा: अफजलखान वध, १० नोव्हेंबर १६५९. लाल महालातला शाहिस्तेखानावरचा छापा, एप्रिल १६६३. सुरत, जानेवारी १६६४. पुरंदरचा तह, जून १६६५, ज्यात २३ किल्ले गेले. आग्र्याचा दरबार, १२ मे १६६६, आणि ऑगस्टमध्ये सुटका. राज्याभिषेक, ६ जून १६७४. निधन, ३ एप्रिल १६८०.

आणि मग तोच प्रश्न. सभासदाची बखर १६९७ ची, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीत लिहिलेली. लिहिणारा दरबारातला माणूस, पण महाराज जाऊन सतरा वर्षं झालेली. कवींद्र परमानंदाचं ‘शिवभारत’ समकालीन, पण काव्य. आग्र्याचा तपशील आपल्याला राजपुतांच्या पत्रांतून मिळतो, आमेरच्या म्हणजे पुढच्या जयपूरच्या दरबाराला पाठवलेल्या. राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन स्वतः हजर होता आणि त्याने लिहून ठेवलं. चार प्रकारची साधनं, चार प्रकारचे डोळे. आठवी-नववीच्या मुलांनाही हा फरक पटकन कळतो. मला वाटायचं अवघड जाईल, ते खोटं ठरलं.

नेहरूंनी महाराजांबद्दल वाईट लिहिलं होतं ना?

ते ‘डिस्कव्हरी’मध्ये नाही. त्याआधीच्या, मुलीला लिहिलेल्या पत्रांतून तयार झालेल्या जगाच्या इतिहासाच्या पुस्तकात अफजलखान प्रकरणी त्यांनी जे लिहिलं, त्याला महाराष्ट्रातून हरकत घेतली गेली. नेहरूंनी चूक मान्य केली आणि मजकूर दुरुस्त केला. तरी राग धुमसत राहिला. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी ते प्रतापगडावर महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण करायला आले तेव्हा संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांनी मोठी निदर्शनं केली. कारण मुख्यतः मुंबईचं होतं, पण ही जुनी जखमही त्यात होती.

मालिका बघताना हा सगळा राग मनात घेऊन बसू नका. ३७-३८ हे भाग त्या जुन्या पुस्तकावरून केलेले नाहीत.

फुल्यांचा भाग आहे का?

आहे. ४५ वा, आणि माझ्या मते संपूर्ण मालिकेतल्या पहिल्या तीन-चार भागांत बसणारा. जोतीराव केले आहेत सदाशिव अमरापूरकरांनी. ते नगरचेच. तोवर हिंदी पडद्याने त्यांना खलनायक म्हणून ओळखलं होतं. त्यांना फुल्यांच्या पागोट्यात बघणं हा वेगळाच अनुभव.

या भागाबद्दल विशेष सांगायचं ते असं की, नेहरूंच्या ग्रंथात फुल्यांवर स्वतंत्र प्रकरण नाही. म्हणजे मालिका करणाऱ्यांनी मूळ पुस्तकाच्या बाहेर पाऊल टाकलं. मोठ्या माणसाच्या पुस्तकावर काम करताना त्यात काय नाही हे ओळखणं आणि ते भरून काढणं, याला हिंमत लागते. १८४८ ला पुण्यातली मुलींची शाळा, सावित्रीबाई, १८७३ ची ‘गुलामगिरी’ आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला स्थापन झालेला सत्यशोधक समाज, १८८२ ला शिक्षणासाठीच्या हंटर आयोगापुढचं निवेदन, ‘शेतकऱ्याचा असूड’. हे सगळं महाराष्ट्राबाहेरच्या प्रेक्षकाने त्या काळी क्वचितच ऐकलं असेल.

मी ३८ आणि ४५ हे भाग पाठोपाठच्या शनिवारी दाखवतो. कारण १८६९ मध्ये फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला होता, त्यांना कुळवाड्यांचा राजा म्हणून पुढे आणणारा. दोन भागांमध्ये जवळपास दोनशे वर्षं आहेत. मधल्या काळात एकाच राजाकडे बघण्याच्या नजरा कशा बदलल्या, ते या जोडीतून कळतं.

पद्मावतीची गोष्ट खरी आहे का?

२६ व्या भागात ती येते. अल्लाउद्दीनने चितोड घेतलं १३०३ मध्ये, हे खरं. मलिक मुहंमद जायसीने ‘पद्मावत’ लिहिलं १५४० च्या सुमारास. मधे २३७ वर्षं. चितोडच्या वेढ्याच्या समकालीन लेखनात ही राणी सापडत नाही. जायसी सूफी कवी. त्याच्या काव्यात बोलणारा पोपट आहे, सिंहलद्वीप आहे, आत्म्याचं आणि परमात्म्याचं रूपक आहे. बेनेगलांनी ती काव्य म्हणूनच दाखवली. ‘पृथ्वीराज रासो’चंही तसंच. तराईच्या लढाया ११९१ आणि ११९२ च्या, रासोचं आजचं रूप कितीतरी नंतरचं.

यावर आमच्याकडे एकदा आवाज चढले होते. तेव्हापासून या भागाच्या आधी मी जायसीच्या काव्याबद्दल दहा मिनिटं बोलतो. भांडण होत नाही, प्रश्न मात्र छान येतात.

अशोकाला पश्चात्ताप झाला हे कशावरून?

हा प्रश्न एका सहावीतल्या मुलीने विचारला आणि मला फार बरं वाटलं. उत्तर: त्याच्याच शब्दांवरून. तेराव्या शिलालेखात तो सांगतो की कलिंगात एक लाख माणसं मारली गेली, दीड लाख पळवून नेली गेली, आणि आपल्याला त्याचं दुःख आहे. राजाने स्वतःच्या विजयाबद्दल दगडावर खेद कोरून ठेवावा, अशी उदाहरणं फार नाहीत.

हे शब्द शेकडो वर्षं कुणाला वाचता येत नव्हते. जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी उलगडली. त्या लेखांमधला ‘देवानांप्रिय’ म्हणजे अशोकच, हे तर १९१५ ला कर्नाटकात मस्कीचा लेख सापडल्यावर पक्कं झालं. आणि लांब जायला नको: नालासोपाऱ्याला १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा सापडला. तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. अशोकाचे भाग दाखवून झाल्यावर सहल काढायची तर तिथे काढा. लोकलने जाऊन येता येतं.

चाणक्याचं मात्र उलट आहे. शेंडी सोडण्याची प्रतिज्ञा, नंदाचा नाश, राक्षसाशी डावपेच: हे आपल्या डोक्यात बसलं ते बरंचसं ‘मुद्राराक्षस’ नाटकामुळे आणि दंतकथांमुळे. ‘अर्थशास्त्र’ तर हरवलंच होतं. म्हैसूरला आर. शामशास्त्रींच्या हाती त्याची पोथी आली १९०५ मध्ये. लोकमान्यांच्या आधीच्या पिढीने ते वाचलेलंच नव्हतं.

महाराष्ट्राचं काय राहून गेलं?

बरंच. सातवाहनांवर स्वतंत्र भाग नाही, वाकाटकांवर नाही, यादवांवर नाही. पानिपतावर नाही. डॉ. आंबेडकरांवरही नाही, आणि ही उणीव मला सर्वांत जास्त खटकते. फुल्यांपर्यंत येऊन पुढचं पाऊल का टाकलं नाही, हे मला आजही कळत नाही.

तक्रार करत बसण्यापेक्षा आम्ही त्या जागा स्वतः भरतो. मौर्यांनंतर एक शनिवार नाणेघाटच्या, सातवाहन राणी नागनिकेच्या लेखाला आणि हालाच्या गाथासप्तशतीला. कालिदासाच्या जोडीला अजिंठ्याचं सोळावं लेणं, वराहदेवाने म्हणजे वाकाटक हरिषेणाच्या मंत्र्याने कोरवून घेतलेलं. अल्लाउद्दीनच्या भागाआधी ज्ञानेश्वरीचा काळ सांगतो: १२९० ला नेवाशात ज्ञानेश्वरी झाली आणि १२९६ ला अल्लाउद्दीन यादवांच्या देवगिरीवर चालून आला. मधे फक्त सहा वर्षं. हे ऐकल्यावर खोलीत क्षणभर कुणी बोलत नाही.

मालिका आता जुनी झाली नाही का?

काही बाबतींत, हो. १९८८ नंतर पुष्कळ खणलं गेलं. सिंधू संस्कृतीतल्या धोळावीराचं उत्खनन १९९० मध्ये सुरू झालं, आज ते जागतिक वारसास्थळ आहे. तमिळनाडूत कीळडी २०१४ नंतरची. हरियाणातल्या राखीगढीच्या सांगाड्यावरचा जनुकीय अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे सिंधू संस्कृती आणि आर्यांचे भाग बघताना सोबत एखादं ताजं पुस्तक हवंच.

दायमाबाद मात्र तेव्हाही माहीत होतं. प्रवरेकाठी, श्रीरामपूर तालुक्यात, १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला खणताना काशाचा रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा सापडले. चाकांवर उभी असलेली ती जनावरं उत्तर हडप्पा काळाशी जोडली जातात. पुन्हा नगर जिल्हाच.

हा नेहरूंचा, काँग्रेसचा प्रचार आहे असं म्हणतात.

विचारणाऱ्याला मी गप्प करत नाही. सरकारी वाहिनी, तेव्हा देशात खासगी वाहिनी नव्हती, पंतप्रधान राजीव गांधी, विषय त्यांच्या आजोबांचं पुस्तक. शंका येणं साहजिक आहे. भारत म्हणजे अनेक प्रवाहांचा संगम, ही नेहरूंची धारणा मालिकेचा कणा आहे आणि ती ते लपवत नाहीत. ज्याला ती पटत नाही त्याला अनेक भाग एकांगी वाटतील.

पण मालिका बघा आणि मग ठरवा. फुल्यांचा भाग मी सांगितलाच. जातिव्यवस्था कशी घट्ट होत गेली यावर सुरुवातीलाच एक भाग आहे. निळीच्या शेतकऱ्यांचं बंड आहे. सिलप्पदिकारम या तमिळ महाकाव्याला दोन भाग दिले आहेत, जे उत्तरेकडच्या प्रेक्षकाला तेव्हा नावानेही ठाऊक नव्हतं. नुसतीच आरती ओवाळायची असती तर एवढा खटाटोप कुणी केला नसता.

मुलांना दाखवावी का? हिंदी जड नाही?

दहा-अकरा वर्षांपासून पुढे जरूर. एकट्याने नको, कुणीतरी शेजारी बसा. हिंदी प्रसंगानुसार बदलते: मौर्यांकडे संस्कृतप्रचुर, मुघलांकडे फारसीचा वास असलेली. ‘वजीर’, ‘फर्मान’, ‘खिल्लत’ हे शब्द मराठी मुलाला तितके परके नाहीत. बखरींची मराठी वाचलेल्याला तर घरच्यासारखं वाटेल.

कुठे बघायला मिळते?

प्रसार भारतीने जुना संग्रह इंटरनेटवर खुला केला आहे, त्यात हे भाग आहेत. डीव्हीडींचा संचही निघाला होता, जुन्या वाचनालयांत विचारा. चित्र आजच्या मानाने धूसर आहे. मोठ्या पडद्यापेक्षा मध्यम आकाराचा टीव्ही बरा पडतो. आवाजासाठी मात्र चांगला स्पीकर लावा, संगीत वाया जाऊ देऊ नका.

आधी पुस्तक वाचू का?

मालिकेबरोबर वाचा, आधी नको. साने गुरुजींचा मराठी अनुवाद आहे, ‘भारताचा शोध’ नावाने. पहिलं प्रकरण किल्ल्याचं आहे. ते एवढं वाचून पहिला भाग लावा.

५३ भागांना वेळ नाही. पाचच सांगा.

पहिला. अशोकाचा दुसरा. २६ वा, पद्मावतचा. ३८ वा, महाराजांचा. ४५ वा, फुल्यांचा. हे पाच बघून झाले की बहुतेक जण सहावा मागतात, तेव्हा ३७ वा द्या. मघाशी जोडी तोडू नका म्हटलं आणि इथे मीच तोडली आहे.